लहान विद्यापीठ, मोठे जग : परदेशी पदवीशिक्षणाची निवड करताना

१० ऑक्टोबर १८८५ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे घेतलेले एक छायाचित्र अनेक वाचकांच्या पाहण्यात आले असेल. तीन तरुणी आपापल्या देशाच्या वेषात शेजारी शेजारी बसल्या आहेत. एक आपल्या आनंदीबाई जोशी, दुसऱ्या जपानच्या केई ओकामी आणि तिसऱ्या सीरियाच्या सबात इस्लांबुली. तिघीही विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया या संस्थेच्या विद्यार्थिनी होत्या. आनंदीबाई १८८६ मध्ये, ओकामी १८८९ मध्ये आणि इस्लांबुली १८९० मध्ये तेथून वैद्यकीय पदवी घेऊन बाहेर पडल्या. हे महाविद्यालय आकाराने मोठे नव्हते, हार्वर्ड-येलसारखा त्याचा गवगवाही नव्हता. परंतु त्या काळी ज्या स्त्रियांना जगातील बहुतेक वैद्यकीय शाळांचे दरवाजे बंद होते, त्यांना दूरदूरच्या देशांतून बोलावून घेण्याचे औदार्य या छोट्या संस्थेने दाखवले. श्रीरामपूरहून निघून ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याच्या बंदरात बोटीवर चढलेली अठरा वर्षांची आनंदीबाई एका लहान व बहुविध महाविद्यालयात निघाली होती, असे आजच्या भाषेत म्हणता येईल.

या छायाचित्राची आठवण मला बँकेच्या टेबलावर झाली. एप्रिल २०२४ मध्ये, निवृत्तीपूर्वीच्या माझ्या अखेरच्या वर्षात, बडोद्याच्या आमच्या शाखेत एक मराठी शिक्षक आपल्या मुलीला घेऊन शैक्षणिक कर्जाच्या चौकशीसाठी आले. मुलीच्या हातात दोन प्रवेशपत्रे होती. एक होते अमेरिकेतील एका भल्यामोठ्या, सर्वांच्या परिचयाच्या विद्यापीठाचे. दुसरे मध्य-पश्चिमेकडील एका गावातील जेमतेम दीड-दोन हजार विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयाचे. मुलीचा ओढा दुसरीकडे होता आणि वडिलांचा पहिलीकडे. "साहेब, सोसायटीत कोणी विचारले तर सांगायचे काय? हे नाव कोणी ऐकलेलेच नाही," ते म्हणाले. राहते घर तारण ठेवण्याची त्यांची तयारी होती, त्यामुळे प्रश्न केवळ सोसायटीतील प्रतिष्ठेचा नव्हता. दोन्ही पत्रे टेबलावर ठेवून आम्ही बसलो, आणि पुढले तीन महिने या विषयाने माझी पाठ सोडली नाही. तेव्हा जे उमगले, ते ग्राहक-वाचकांच्या व शाखांतील सहकाऱ्यांच्या उपयोगी पडावे, एवढ्यासाठी हा लेख.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, आपल्याकडील परदेशी शिक्षणाची कल्पना प्रामुख्याने पदव्युत्तर शिक्षणाभोवती फिरते. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत ३ लाख ३१ हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी होते. त्यांत पहिल्या पदवीसाठी गेलेले सुमारे ३६ हजारच होते. एम. एस. करणाऱ्याला मोठी प्रयोगशाळा व नामांकित विभाग लागतो, म्हणून त्याच्या तोंडी मोठ्या विद्यापीठांची नावे असतात आणि तीच आपल्या कानांवर पडतात. लहान महाविद्यालयांत बहुधा पदव्युत्तर अभ्यासक्रमच नसतात. साहजिकच आपल्या गल्लीतील कोणाचा मुलगा तेथे गेलेला नसतो. नाव न ऐकण्याचे कारण बरेचदा इतकेच असते.

पदव्युत्तर वर्ग नसण्याचा एक मोठा लाभ पदवीच्या विद्यार्थ्याला मिळतो. मोठ्या विद्यापीठांत पहिल्या वर्षाचे वर्ग शेकडोंचे असतात आणि तपासणी व शंकानिरसन बहुतांशी संशोधक विद्यार्थी करतात. लहान ठिकाणी दहा-बारा विद्यार्थ्यांमागे एक प्राध्यापक असतो, तोच शिकवतो, तोच निबंध तपासतो, आणि प्रयोगशाळेत हाताखाली माणूस हवा झाल्यास दुसऱ्या वर्षाच्या मुलालाच घेतो. पुढे शिफारसपत्र लिहिताना त्याला विद्यार्थ्याचे नाव यादीत शोधावे लागत नाही. मर्यादाही सांगितली पाहिजे. अशा बहुतेक संस्थांत अभियांत्रिकीचा विभाग नसतो. काही ठिकाणी तीन वर्षे तेथे आणि दोन वर्षे एखाद्या अभियांत्रिकी विद्यापीठात, अशी संयुक्त व्यवस्था असते. परंतु त्या शेवटच्या दोन वर्षांचे आर्थिक साहाय्य हमखास मिळेलच असे नाही. ज्याचे अभियंता होणे ठरलेले आहे त्याने भुलून या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता बहुविधतेकडे वळू. मिनेसोटा राज्यातील सेंट पॉल येथील मॅकॅलेस्टर महाविद्यालयात १९५० पासून अमेरिकेच्या ध्वजासोबत संयुक्त राष्ट्रसंघाचा ध्वज फडकतो. घानाचा एक तरुण फोर्ड प्रतिष्ठानाच्या साहाय्याने तेथे आला आणि १९६१ मध्ये अर्थशास्त्राची पदवी घेऊन गेला. त्याचे नाव कोफी अन्नान. पुढे ते त्याच राष्ट्रसंघाचे महासचिव झाले. मेन राज्याच्या किनाऱ्यावरील कॉलेज ऑफ द अटलांटिक तर आणखी छोटे आहे. साधारण साडेतीनशे विद्यार्थी, आणि पदवीचा विषय सर्वांना एकच, मानव-परिसरशास्त्र. तरीही तेथील वर्गात निरनिराळ्या खंडांतील मुले भेटतात.

खेडेवजा गावांत हे जग गोळा होते कसे? बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला पहिला प्रश्न सुचतो तो हा की, याचे पैसे कोण भरतो? बहुविधता आपोआप येत नसते. एखादा नायजेरियाचा किंवा नेपाळचा गुणी मुलगा वर्षाला ऐंशी हजार डॉलर देऊ शकत नाही. तो तेथे बसलेला दिसतो तेव्हा त्याच्या खर्चाची तरतूद कोणीतरी केलेली असते. शेल्बी डेव्हिस या अमेरिकन गुंतवणूकदाराने २००० साली युनायटेड वर्ल्ड कॉलेज या शाळासमूहातील विद्यार्थ्यांसाठी अशीच एक योजना सुरू केली. प्रारंभी ती पाच महाविद्यालयांपुरती होती, त्यांत वर उल्लेखिलेले कॉलेज ऑफ द अटलांटिक होते. या शाळासमूहातील एक शाळा आपल्या पुणे जिल्ह्यात मुळशी तालुक्यात पौडजवळ १९९७ पासून चालते, आणि तेथून दरवर्षी मुले या लहान महाविद्यालयांकडे जातात.

दुसरा मार्ग म्हणजे संस्थेची स्वतःची पुंजी. तिकडे तिला एन्डाउमेंट म्हणतात. मुद्दल न मोडता केवळ उत्पन्न खर्च करावयाची कायमची ठेव, असा आपण त्याचा अर्थ घेऊ. आयोवा राज्यात मक्याच्या शेतांच्या मध्ये ग्रिनेल नावाचे गाव आहे. लोकसंख्या सुमारे नऊ हजार. तेथील महाविद्यालयात सतराशेच्या आसपास विद्यार्थी आहेत आणि त्याची ठेव दोन अब्ज डॉलरांहून बरीच अधिक आहे. या श्रीमंतीमागे मोठी मनोरंजक हकीकत आहे. रॉबर्ट नॉइस हे ग्रिनेलचे १९४९ चे पदवीधर. १९६८ मध्ये त्यांनी भागीदारासह एक नवी कंपनी काढली, तेव्हा विश्वस्त मंडळावर असलेल्या या माजी विद्यार्थ्यावर विश्वास ठेवून महाविद्यालयाच्या वतीने तीन लाख डॉलर त्या कंपनीत गुंतवले गेले. ती कंपनी म्हणजे इंटेल. वॉरन बफे हेही त्याच काळात तेथील विश्वस्त होते. आज एखाद्या परदेशी मुलाची निम्मी फी माफ होते तेव्हा त्यात त्या जुन्या गुंतवणुकीचा अंश असतो. जाता जाता एक सांगतो. अमेरिकेने २०२५ साली श्रीमंत विद्यापीठांच्या ठेवींच्या उत्पन्नावरील कर वाढवला, पण तीन हजारांहून कमी फी भरणारे विद्यार्थी असलेल्या संस्थांना त्यातून वगळले. लहानपणाचा असाही फायदा!

तिसरी तऱ्हा मला सर्वांत मोलाची वाटते. केंटकी राज्यातील बेरिया महाविद्यालय १८५५ मध्ये गुलामगिरीच्या विरोधकांनी स्थापन केले. काळे व गोरे तेथे एकत्र शिकत. १९०४ मध्ये राज्याने कायदा करून हे सहशिक्षण बंद पाडले, सर्वोच्च न्यायालयानेही १९०८ मध्ये तो कायदा उचलून धरला, आणि १९५० मध्ये कायद्यात बदल झाल्यावर बेरियाने पुन्हा काळ्या विद्यार्थ्यांना प्रवेश दिला. या संस्थेत कोणाकडूनही शिक्षणशुल्क घेत नाहीत. त्याऐवजी प्रत्येकाला आठवड्याला किमान दहा तास काम करावे लागते. कोणी केरसुण्या बांधतो, कोणी हातमागावर बसतो, कोणी महाविद्यालयाच्या मालकीच्या हॉटेलात पाहुण्यांची व्यवस्था पाहतो. परदेशी विद्यार्थी थोडेच घेतात, पण ज्यांना घेतात त्यांच्या पहिल्या वर्षाच्या संपूर्ण खर्चाची सोय करतात. आपल्याकडील 'कमवा आणि शिका' योजनेशी परिचित असलेल्या वाचकांना हे चित्र परके वाटणार नाही.

आता आमच्या शिक्षकांच्या दोन पत्रांकडे परत येऊ. आकडे सोयीसाठी पूर्णांकांत देतो. मोठ्या विद्यापीठाचा राहण्या-जेवण्यासह वार्षिक खर्च ५५ हजार डॉलर होता, साहाय्य काहीही नाही. लहान महाविद्यालयाचा छापील खर्च ८५ हजार, आणि अनुदान ५५ हजार. म्हणजे भरावयाचे ३० हजार. वडिलांनी ८५ हा आकडा पाहून ते पत्र जवळजवळ बाजूला सारले होते. छापील खर्च व प्रत्यक्ष भरावयाची रक्कम यांत अशा संस्थांमध्ये एवढे अंतर असते, हेच पुष्कळ पालकांना ठाऊक नसते.

तथापि पहिल्या वर्षाची वजाबाकी करून थांबणे धोक्याचे आहे. खर्च दरवर्षी चार टक्क्यांनी वाढला आणि अनुदान मात्र ५५ हजारांवरच राहिले, तर काय होईल? चार वर्षांचा एकूण छापील खर्च सुमारे ३ लाख ६१ हजार डॉलर होतो. त्यातून अनुदानाचे २ लाख २० हजार वजा जाता १ लाख ४१ हजार उरतात. वडिलांच्या हिशेबी ते १ लाख २० हजार होते. मधल्या २१ हजार डॉलरचे त्यावेळच्या साडेत्र्याऐंशी रुपये दराने साडेसतरा लाख रुपये होतात. शिवाय डॉलरचा दर स्थिर राहत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये त्याने नव्वदी ओलांडली. असे असूनही लहान महाविद्यालयच स्वस्त पडत होते, कारण मोठ्या विद्यापीठाचा खर्च त्याच वेगाने वाढला असता तर चार वर्षांत २ लाख ३३ हजारांवर गेला असता. पण साडेसतरा लाखांचा खड्डा तिसऱ्या वर्षी अचानक समोर येणे आणि तो आधीच माहीत असणे, यांत घर राहण्या-जाण्याचे अंतर आहे.

मी मुलीला सुचवले की, फी वाढेल तसे अनुदान वाढेल काय, गुण किती खाली आल्यास ते बंद होते, आणि कुटुंबाचे उत्पन्न बदलल्यास काय, एवढे तीन प्रश्न लेखी विचारावेत. चार दिवसांत उत्तर आले, तेही सहीनिशी. अनुदान फीच्या प्रमाणात वाढणार होते. मात्र दरवर्षी उत्पन्नाची कागदपत्रे द्यावी लागणार होती. मोठ्या विद्यापीठाला तिने पाठवलेल्या पत्राला छापील पोच मिळाली.

कर्ज मंजूर झाले. गोष्ट येथे संपावयाची, पण जूनमध्ये ते गृहस्थ वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन पुन्हा आले. फिलाडेल्फियातील युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्स या कलाशिक्षणाच्या जुन्या व लहान संस्थेने ३१ मे २०२४ रोजी बंद होण्याची घोषणा केली आणि ७ जूनला ती खरोखर बंद झाली. अवघ्या आठवड्यात! "साहेब, आपलेही लहानच आहे. उद्या असे झाले तर?" त्यांच्या या प्रश्नाला माझ्याजवळ तत्काळ उत्तर नव्हते, हे मी कबूल करतो. अमेरिकेत मुलांची संख्या घटत आहे आणि अलीकडे अनेक लहान महाविद्यालये बंद पडली किंवा दुसऱ्यांत विलीन झाली. कॅलिफोर्नियाचे मिल्स महाविद्यालय २०२२ मध्ये विलीन झाले. अलाबामातील बर्मिंगहॅम-सदर्न आणि न्यूयॉर्क राज्यातील वेल्स २०२४ मध्ये बंद झाले. स्थानिक विद्यार्थी दुसरीकडे प्रवेश घेतो. आपल्या विद्यार्थ्याचा व्हिसा मात्र संस्थेशी बांधलेला असतो. संस्था गेली की अधिकृत अशा दुसऱ्या संस्थेत वेळेत बदली मिळवणे त्याला क्रमप्राप्त होते, आणि मिळालेले अनुदान नव्या ठिकाणी सोबत येत नाही.

तेव्हा मनात आले की, आपण कर्जदाराची पत तपासतो, विद्यार्थ्याने महाविद्यालयाची का तपासू नये? चार वर्षांचे साहाय्य देण्याचे वचन ही एका अर्थी त्या संस्थेने आपल्याला लिहून दिलेली हुंडीच आहे. आणि हे काम वाटते तितके अवघड नाही. अमेरिकेचे शिक्षण खाते खाजगी महाविद्यालयांना आर्थिक स्थितीवरून उणे १ ते ३ या मापावर गुण देते व ते प्रसिद्ध करते. राखीव निधी, मालमत्ता व देणी, आणि वर्षाची शिल्लक किंवा तूट यांवरून हे गुण निघतात. दीडच्या वर असलेली संस्था सुस्थितीत समजली जाते, एक ते दीडमधील देखरेखीखाली येते. हे गुण वर्ष-दोन वर्षांपूर्वीच्या हिशेबांवरचे असल्याने तेवढ्यावर विसंबू नये. नफ्यासाठी न चालणाऱ्या संस्थांची नऊशेनव्वद क्रमांकाची करविवरणपत्रेही जनतेला पाहता येतात. सलग चार-पाच वर्षे तूट आहे काय, ते तेथे दिसते. याखेरीज बहुतेक महाविद्यालये कॉमन डेटा सेट नावाचे वार्षिक माहितीपत्रक काढतात. त्यात एकूण विद्यार्थिसंख्या असते. मागच्या वर्षांची पत्रके शेजारी ठेवली की ओहोटी लागली आहे का, ते कळते.

याच पत्रकात 'एच सहा' या क्रमांकाखाली परदेशी विद्यार्थ्यांपैकी किती जणांना साहाय्य मिळाले व सरासरी किती मिळाले, हेही दिलेले असते. बहुविधतेची खरी कसोटी मला येथे लागते असे वाटते. माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठावर सर्व वर्णांचे हसरे चेहरे असतातच. परंतु काही संस्था गंगाजळी आटत आली की परदेशी विद्यार्थी पूर्ण फी भरतो म्हणून त्याच्या मागे लागतात. तेथे परदेशी मुलांचे प्रमाण वीस-पंचवीस टक्के असले, तरी बहुतेक एक-दोन देशांतील सधन घरांची असतात आणि 'एच सहा'चा रकाना जवळपास कोरा असतो. अशा जागी आपला विद्यार्थी हा संस्थेच्या तुटीवरचा उपाय ठरतो. आम्ही तिघांनी संगणकासमोर बसून मुलीच्या महाविद्यालयाची पत्रके पाहिली. गुण २.९, विद्यार्थिसंख्या स्थिर, आणि परदेशी मुलांपैकी बहुतांश साहाय्य घेणारी. वडिलांनी कात्रणाची घडी घालून खिशात ठेवली.

पैशापलीकडच्याही काही गोष्टी आहेत. लहान गावात आपल्या वाण्याचे दुकान नसते, गाडीशिवाय शहर गाठता येत नाही, हिवाळा दीर्घ व निष्ठुर असतो. अन्नान यांनी पुढे अनेकदा सांगितले की, मिनेसोटात लोक कानपट्ट्या बांधतात हे त्यांना विचित्र वाटे, पण एकदा कान गोठायची वेळ आली तेव्हा त्यांनी जाऊन सर्वांत मोठी कानपट्टी विकत घेतली. आनंदीबाईंच्या नशिबी हे हसण्यावारी गेले नाही. शाकाहार व साडी सांभाळत त्यांनी फिलाडेल्फियाचे हिवाळे काढले, प्रकृती ढासळली, आणि पदवी मिळाल्यावर वर्षाच्या आत, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात क्षयाने त्यांचे निधन झाले. म्हणून खानावळीत शाकाहारी काय मिळते, हिवाळी सुट्टीत वसतिगृह उघडे असते काय, परदेशी मुलांना एखाद्या स्थानिक कुटुंबाशी जोडून देण्याची प्रथा आहे काय, हे प्रश्न क्षुल्लक समजू नयेत. आनंदीबाईंना रोझेल गावी श्रीमती कार्पेंटर यांचे घर लाभले होते, त्यामुळेच तो परदेशवास त्यांना काहीसा सुसह्य झाला.

कर्जाविषयी थोडक्यात. अभ्यासक्रमाचा काळ व त्यापुढे एक वर्ष हप्ता सुरू होत नाही, पण व्याज साचत असते. ते त्या काळातच भरत गेल्यास पुढील हप्ता हलका होतो. शैक्षणिक कर्जातून परदेशी पाठवलेल्या रकमेवर १ एप्रिल २०२५ पासून उगमाशी करसंकलन होत नाही. स्वतःच्या पैशातून पाठवल्यास वर्षाला दहा लाखांपुढील रकमेवर ते होते व विवरणपत्र भरताना त्याची वजावट मिळते. सत्रकाळात विद्यार्थ्याला संस्थेच्या आवारात आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करता येते. त्या कमाईवर हातखर्च भागेल, फी भागेल असे धरून चालू नये. व्हिसाचे नियम २०२५ पासून वारंवार बदलत आहेत, तेव्हा पदवीनंतर तेथेच नोकरी लागेल या गृहीतावर घर तारण ठेवण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा.

आनंदीबाईंच्या महाविद्यालयाचे पुढे काय झाले, हे त्या जूनमध्ये कुतूहलाने मी शोधले. १९७० मध्ये ते पुरुषांनाही खुले झाले आणि नाव बदलले. पुढे ते ज्या वैद्यकीय समूहात सामील झाले, त्याचे १९९८ मध्ये दिवाळे निघाले. तेव्हा फिलाडेल्फियाच्याच ड्रेक्सेल विद्यापीठाने ते सांभाळावयास घेतले. त्या विद्यापीठाच्या अभिलेखागारात जुन्या विद्यार्थिनींची कागदपत्रे जतन केलेली आहेत, आणि तीन तरुणींचे ते छायाचित्रही तेथेच आहे. मुलीला मी त्याची एक प्रत काढून दिली. तिने ती पारपत्राच्या पाकिटात ठेवली आणि तिच्या महाविद्यालयाला आणखी एक पत्र लिहिले: संस्था बंद झाल्यास गुणपत्रके कोणाकडे मागावयाची? त्याचेही उत्तर आले.